फाटकावर राहिलेले पाव

मी पावाची पिशवी बोलतेय. पेडण्याकडच्या कुठल्याही वाड्यावर सकाळी गेलात तर प्रत्येक फाटकाच्या खिळ्याला माझ्यासारखी एकेक अडकवलेली दिसेल. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून येतो, भोंगा वाजवतो, पिशवीत पाव टाकतो आणि पुढे जातो. घरातलं माणूस सवडीने येऊन पाव काढून नेतं. तेवढंच माझं काम. तेरा वर्षं ते मी एकाच खिळ्यावर बसून केलं.

गावाचं नाव सांगणार नाही. त्यात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. मोप्याच्या पठाराखालचा आमचा वाडा, पंधरावीस घरं, विमान उतरायला लागलं की कौलांवरून त्याची सावली सरकते. एवढं पुरे.

मी जन्माने पिशवी नव्हे. मी पँट होते, खाकी, जाड कापडाची. दत्ताराम नावाचा माणूस मला घालून डिचोलीला खाणीवरचा टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्या तसा तो घरी येऊन बसला. त्याच्या बायकोने, कमलाक्षीने, चार दिवस वाट बघितली आणि पाचव्या दिवशी कात्री काढली. "आता ह्या पँटी नेसून कोण कुठे जाणार आहे?" असं म्हणून तिने माझी एक तंगडी कापली, मशीनवर शिवली आणि वर दोन बंद लावले. दत्ताराम दोन दिवस बोलला नाही तिच्याशी. "मी जिवंत असताना माझी पँट कापली," म्हणून रुसला. मग तिसऱ्या दिवशी स्वतःच फाटकाला खिळा ठोकला आणि मला अडकवून बघितलं, खिळा भार घेतो की नाही ते.

पहिल्या धुण्याला माझ्यातून लाल पाणी निघालं. दुसऱ्याला निघालं, दहाव्यालाही निघालं. खाणीची माती ती, अशी थोडीच सोडते. कमलाक्षीबाय म्हणायची, "राहू दे गे, त्याची आठवण." तेव्हा दत्ताराम चांगला आत बसून चहा पीत असायचा. तो ओरडायचा, "आठवण कसली, मी हंयच आसा!" सहा वर्षांपूर्वी मात्र तो गेला, आणि मग ती तसं कधी म्हणाली नाही.

मुलगी एकच, गौरवी. तिला डिचोलीलाच दिली. घरात कमलाक्षीबाय एकटी. चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरणारे, दात मोजून सहा. रोजचे दोन उंडे. उंडा म्हणजे गोल, वरून कडक सालीचा पाव. दात नसलेल्या बाईने उंडे कशाला खावेत असं तुम्ही म्हणाल. चहात बुडवून खायची. साल कावळ्याला.

पहिला पोदेर म्हातारा झाला, त्याची लाइन दीड वर्षापूर्वी अमोलकडे आली. अमोल सिंधुदुर्गातला, दोडामार्गाकडचा. बायकोला घेऊन आला होता, पावाच्या भट्टीच्या मागच्या खोलीत राहायचा. कमलाक्षीबायने पहिला महिनाभर त्याच्यावर काय संशय घेतला म्हणून सांगू! माझ्यात हात घालून उंडे दाबून बघायची, कालचे तर नाहीत ना. हा माणूस बोलत नाही, खाली बघून जातो, याच्या पोटात काय आहे कळत नाही, असं शेजारणीला सांगायची. अमोल खरंच बोलत नसे. पण त्याने एक गोष्ट हेरली होती. टोपलीतले सगळे उंडे चाचपून त्यातल्या त्यात मऊ सालीचे दोन तो आमच्यासाठी काढायचा. एक दिवस तिने ते बघितलं. त्या दिवसापासून त्याला फाटकात चहा मिळायला लागला.

पुढे तिने त्याला एक सवय लावली. "नुसता भोंगा वाजवून पळू नको रे," ती म्हणाली. "मला हाक मार. मी व्हय म्हटलं की मगच जा. दिवसभरात माझं नाव घेणारं कोणी नाही." मग रोज सकाळी तो यायचा, उंडे टाकायचा आणि हाक द्यायचा, "काकी, पाव ठेवलंय गे!" आतून उत्तर यायचं, "व्हय रे." की सायकल पुढे. दुपारी चारला परत फेरी असायची, तेव्हा तिला काही नको असलं तरी हाक ठरलेली.

आता चोऱ्यांचं सांगते. कारण आमच्या वाड्यावरची माणसं वाईट आहेत असं तुम्हाला वाटायला नको. विमानतळ झाला तशी रोज नवी तोंडं दिसायला लागली. खोल्या भाड्याने गेल्या, कोण आलं, कोण गेलं, पत्ता लागेना. अशात एका महिन्यात दोन घरं फुटली. एका घरातले सगळे वाळपईला लग्नाला गेले होते, दाराला मोठं कुलूप. परत आले तर कपाटं उघडी आणि देवीच्या अंगावरचं सोनंसुद्धा नाही. दुसऱ्या घरातली बाई तर दोन महिने उशाशी कोयता घेऊन झोपायची. भीती खरी होती. मी स्वतः फाटकावर असते, मला विचारा.

तेव्हा आमच्या शेजारच्या गुरुदासने पुढाकार घेतला. गुरुदास वीज खात्यात मीटर वाचायचा, आता निवृत्त. चांगला माणूस, हे मी आजही म्हणेन. कमलाक्षीबायला ताप आला तर स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचा. त्याने देवळात बैठक घेतली, मोबाइलवर वाड्याचा ग्रुप काढला. देवळातली बैठक मी ऐकली नाही. पण परतताना सगळे आमच्या फाटकाशी थांबले आणि तीच बैठक पुन्हा झाली, पहिलीपेक्षा लांब. आमच्याकडे असंच असतं.

ठरलं ते असं. अनोळखी माणूस घराभोवती घुटमळताना दिसला तर फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, पोलिसांना फोन करायचा. हे ठीकच. पण गुरुदासला आणखी एक युक्ती सुचली होती. चोर बंद घरं शोधतात ना, मग घर बंद आहे हे कळूच द्यायचं नाही. गावाला जाताना पुढच्या दाराला आतून कडी घालायची, कुलूप मागच्या दाराला. व्हरांड्यातला दिवा चालू. आणि पावाची पिशवी फाटकावर तशीच ठेवायची, पोदेराला पाव बंद करायला सांगायचं नाही. पाव पडत राहिले की बघणाऱ्याला वाटेल, घरात माणूस आहे. दुपारच्या आत शेजाऱ्याने ते पाव काढून न्यायचे.

"मग अमोलाक सांगूया ना?" कमलाक्षीबायने विचारलं. "उगाच बिचारा हाका मारत राहील."

"त्याला तर मुळीच नाही," गुरुदास म्हणाला. "कुठलं घर रिकामं आहे ते सगळ्यांत आधी पाववाल्याला कळतं. तो तुमच्याकडे चहा पितो म्हणून तो आपला झाला काय? परका तो परकाच. विचारलं तरी घरात आहे म्हणूनच सांगायचं."

तिला ते पटलं नाही. ती मान हलवत आत गेली, एवढं मी बघितलं. पण चारचौघांत ठरलेलं, ते तिने मानलं.

आणि युक्ती चालली हो. दिवाळीत ती चार दिवस डिचोलीला राहून आली. मी फाटकावर, दिवा चालू, पाव रोज पडतायत, गुरुदासची सून सुविधा ते नेतेय. परत आल्यावर कमलाक्षीबायने माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "बरं राखलंस घर." मी फुगले. खोटं कशाला सांगू? आयुष्यभर पाव सांभाळले, आता घर सांभाळतेय, असं वाटून मी फुगले. आता ते आठवलं की लाज वाटते.

मग तो बुधवार आला. गेल्या फेब्रुवारीतला.

मंगळवारी संध्याकाळी ती फाटकाशी उभी राहून सुविधाला म्हणाली, "उद्या सातच्या बसने डिचोलीला जाते गे. दोन दिवसांनी येईन. गौरवीला सांगितलेलं नाही. सांगितलं की जावयाला गाडी घेऊन पाठवेल, त्याची उगाच रजा." सुविधा म्हणाली, "बरं काकी, पाव मी काढते." आणि तिने ग्रुपवर लिहिलं, कमलाक्षी काकी उद्यापासून गावाला. तेवढ्यावर सगळ्यांचं काम झालं.

बुधवारी पहाटे स्वयंपाकघरातला दिवा लागला, तो मी लांबून बघितला. कुकरची एक शिट्टी ऐकली. पुढचं मला कळलं नाही. कसं कळणार, मी फाटकावर, ती मागे. साडीचा पदर खोचून, केस विंचरून, बसला निघायच्या तयारीत ती मोरीजवळ घसरून पडली. खुबा मोडला. हे नंतर कळलं. तेव्हा मी आपली मजेत लोंबत होते.

साडेसहाला अमोल आला. दोन उंडे टाकले, हाक दिली. उत्तर आलं नाही. न्हाणीत असेल म्हणून तो गेला. सात वाजता बस गेली. बस गेली म्हणजे काकी गेली, असं सगळ्या वाड्याने धरलं. तिला बसमध्ये चढताना कोणी बघितलं नव्हतं. बघायची गरज कोणाला वाटली नाही.

सुविधाला त्या दिवशी विमानतळावर लवकर बोलावलं. ती तिथे काउंटरवर काम करते, ड्युटी कधीही बदलते. तिने वाटेतून ग्रुपवर टाकलं, "मला जमत नाही, काकींच्या पिशवीतले पाव कोणी तरी काढा." पाच जणांनी होकाराचे अंगठे टाकले. पाच. आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा काढेल. माझ्यात ते दोन उंडे तसेच राहिले. दुपारी ऊन आलं, मुंग्या आल्या.

चार वाजता अमोल फेरीला आला. माझ्यात डोकावला. सकाळचे पाव बघून थबकला. "काकी," त्याने हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग फाटक धरून तिसऱ्यांदा. शेजारच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, गुरुदास पेपर वाचत बसला होता.

"काका, काकी खय गेली? सकाळचे पाव तसेच आसत."

"आसा रे घरात," गुरुदासने पेपर खाली न करता सांगितलं. "निजली आसतली. तू तुजा काम कर."

मी तेव्हा ओरडायला हवं होतं, पण कशासाठी? मलाही वाटत होतं की ती डिचोलीला आहे. मलाही वाटत होतं, गुरुदास किती हुशार आहे, परक्याला कसं बरोबर फसवलं. तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी मीसुद्धा वाड्याच्या बाजूने होते. एकटा अमोलच काय तो नव्हता. त्याला आमची युक्ती कोणी सांगितलीच नव्हती ना. त्यामुळे त्याला आपलं साधं दिसत होतं ते दिसत होतं. बाई घरात आहे म्हणतात, पाव तिने काढले नाहीत, हाकेला ओ देत नाही.

गुरुवारी सकाळी तो लवकर आला. भोंगासुद्धा वाजवला नाही. सरळ माझ्यात हात घातला. कालचे उंडे दगड झाले होते. नवे पाव टाकायचे तो विसरला. सायकल तशीच गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला, टेकवली, हाका मारल्या, दोन, तीन, चार. पुढचं दार ठोकायला जायचं तर फाटकाला साखळी-कुलूप. मग त्याने इकडेतिकडे बघितलं. हे बघणंच पुढे सगळ्यांनी धरून ठेवलं. चोरासारखा इकडेतिकडे बघत होता, म्हणाले. तो कोणी मदतीला दिसतं का बघत होता. कोणी दिसलं नाही, म्हणून गडग्यावर चढला आणि आत उडी टाकून घराच्या बाजूने मागे गेला.

गुरुदास बाल्कांवात आला तो तोंडात ब्रश घेऊन. त्याने फोटो काढला. तो फोटो मी पुढे कितीदा ऐकला. खिडकीच्या गजाला धरून आत वाकून बघणारा अमोल, पुढे फाटक, आणि फाटकावर मी, पोट फुगलेली, कालच्या पावांनी. ग्रुपवर त्रेचाळीस जण आहेत. सगळ्यांनी फोटो मोठा करून बघितला. तोंड ओळखू येतं का ते बघितलं. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

दहा मिनिटांत सहा पुरुष जमले. अमोलला घराच्या कोपऱ्यावरच धरलं. मागचं दार तिथून चार पावलांवर. ते चार पावलं गेले असते तर मागच्या दाराला कुलूप नाही, हे दिसलं असतं. काकी गावाला जाताना कुलूप मागे लावते हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच तर ठरवलं होतं. पण माणूस हातात सापडला होता, मग दार कोण बघतो? त्याला गचांडी धरून त्यांनी पुढे आणला, फाटकाशी, माझ्यासमोर.

"गडग्यार कित्याक चढलंस?" गुरुदासने विचारलं.

"काका, काकी भितर पडली आसा," अमोल म्हणाला. त्याचा शर्ट खांद्याला फाटला होता. "माका भांड्याचो आवाज इलो. दोनदा इलो. देवाशपथ सांगतंय, दार फोडा."

"मांजर आसतला."

"मांजर नाय, काका. मी हाक मारलंय आणि मगे आवाज इलो. हाक मारलंय की येता."

"ती घरातच नाही तर आवाज कोणाचा येणार?" गुरुदास म्हणाला. "ती डिचोलीला गेलीय."

अमोल त्याच्याकडे वळला. "काल तुमीच सांगितलात, काकी घरात आसा म्हणान."

"मग? घर रिकामं आहे म्हणून तुला सांगू काय?"

दोघेतिघे हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतं. वाईट हसणं नव्हतं ते. चोर सापडला, आता पोरंबाळं सुखाने झोपतील, अशा सुटकेचं हसणं होतं. कोणी तरी त्याच्या कानाखाली वाजवली. तो खोटारडा आहे, आवाजाच्या नावाने नाटक करतो, पाव टाकता टाकता घरं हेरतो, असं ज्याला जे सुचलं ते तो बोलला.

पोलीस लवकर आले. हवालदाराने नीट विचारलंही, "घरात कोण आहे?" सहा जणांनी एकदम सांगितलं, कोणी नाही साहेब, बाई मुलीकडे गेलीय. सहा ओळखीची माणसं एक सांगतात, आणि गडगा चढलेला एक जण दुसरं सांगतो. हवालदाराच्या जागी तुम्ही काय केलं असतं? जीपमध्ये बसताना अमोल मान वळवून घराकडे बघत होता. "काकी," म्हणून त्याने जीपमधून हाक मारली. लोक म्हणाले, बघा कसा नाटकी आहे.

दुपारी भट्टीवाल्याने ठाण्यावर जाऊन त्याला सोडवलं, आणि बजावलं की त्या वाड्यावर पुन्हा पाय ठेवू नको, हाडं मोडतील. तरी तीनच्या सुमाराला तो आला होता. सायकल नाही, टोपली नाही, वळणावरच्या काजूखाली उभा. आमच्या फाटकाकडे बघत. मग गुरुदासच्या घरातून कोणी बाहेर आलं, तसा तो मागे फिरला. मी त्याला दोष देत नाही. सकाळी त्याने जे केलं तेवढंही दुसऱ्या कोणी केलं नव्हतं.

गौरवी एक दिवसाआड आईला फोन करायची. मंगळवारी केला होता, म्हणून गुरुवारी दिवेलागणीला केला. उचलला नाही. तिने सुविधाला लावला. सुविधा तेव्हा नुकतीच कामावरून येऊन आमच्याच फाटकाशी पोचली होती. फोन स्पीकरवर होता.

"सुविधा, आई फोन घेत नाही गे. जरा हाक मारून बघशील?"

सुविधा हळूच म्हणाली, "ताई, काकी तुमच्याकडे आहेत ना?"

"माझ्याकडे? नाही गे," गौरवी म्हणाली. सुविधाचा हात माझ्यावर पडला, खिळ्याला आधार धरावा तसा. तिच्या बोटांना माझ्यातले कडक पाव लागले. तिने बंद ओढून आत बघितलं आणि ती किंचाळली.

मागचं दार गुरुदासनेच खांद्याने धडका देऊन फोडलं. त्या खांद्याने त्याला अजून धड हात वर करता येत नाही. कमलाक्षीबाय मोरीजवळ होती. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं. डॉक्टर आले ते फाटकाशी थांबून गुरुदासला म्हणाले, "दुपारपर्यंत होत्या. सकाळी मिळाल्या असत्या तर..." सुविधाने मात्र आत एक गोष्ट बघितली, ती तिने सासऱ्याला माझ्यासमोर सांगितली, रडत रडत. काकींच्या हाताशी पितळेचा तांब्या पडला होता. फरशीवर त्याचे ठोके उमटले होते, एकाच जागी, पुष्कळ. हाकेला व्हय म्हणायला तोंडात आवाज उरला नसेल, म्हणून ती तांब्याने व्हय म्हणत होती. अमोलच्या हाकेला. जिवंत होती, ऐकत होती, आणि उत्तर देत होती. तिच्या खिडकीबाहेर सहा माणसं तिच्या राखणीला उभी होती.

"हे गौरवीताईंना सांगायचं नाही," सुविधा म्हणाली. "तांब्या मी उचलून घासून ठेवलाय." गुरुदास तिथेच पायरीवर बसला. त्याला उठवायला दोघे लागले.

आज माझी गत विचाराल तर मी अजून त्याच खिळ्यावर आहे. गौरवीने घर बंद केलं. जाताना तिला कोणी तरी म्हणालं, पिशवी राहू दे फाटकावर, चोरांना वाटेल घरात माणूस आहे. तिने ऐकलं. नवा पोदेर येतो, माझ्यात पाव टाकतो, दुपारच्या आत कोणी तरी काढून नेतं. आता कधी चुकत नाही. ग्रुपवर रोज लिहितात, काढले. गुरुदास ग्रुपमधून निघून गेला. सकाळी तो बाल्कांवात बसतो, पेपर हातात असतो, पण पान उलटत नाही.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. लक्ष ठेवा, जरूर ठेवा. काही विपरीत दिसलं तर पोलिसांना कळवा, लाजू नका, घाबरू नका. पण कळवताना काय घडतंय ते सांगा. कोण आहे, कुठला आहे, आपला की परका, हे मागाहून. आणि पकडलेला माणूस काही सांगत असेल तर त्याचं एक वाक्य खरं धरून चार पावलं चालून या. तो खोटा निघाला तर तुमची चार पावलं फुकट जातील, दुसरं काही जाणार नाही. आमच्या वाड्यावर ती चालली गेली नाहीत, आणि मला रोज सकाळी ते अंतर दिसतं.

एक सांगायचं राहिलं. ते सांगते आणि थांबते.

तेराव्या दिवशी गौरवीने अमोलला बोलावून घेतलं. तो आला, बायकोला घेऊन. फाटक सताड उघडं होतं, तरी तो बाहेरच उभा राहिला.

"आत ये रे," गौरवी म्हणाली.

"नको बाये, हंयच बरो आसय."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. व्हरांड्यात गुरुदास होता, सुविधा होती, वाड्यावरचे बरेच जण होते. जेवणाची पंगत चालू होती.

"लोक म्हणतात, तू त्या दिवशी आतून काही तरी ऐकलंस," गौरवीने विचारलं. "मला खरं सांग. माझी आई तेव्हा होती का? ती हाक मारत होती का?"

अमोलने व्हरांड्याकडे बघितलं. गुरुदास खांबाला धरून उभा होता. अमोलने एकेका तोंडाकडे बघितलं. ज्याने त्याला मारलं होतं, तोही तिथे पत्रावळ हातात घेऊन उभा होता. मग त्याने गौरवीकडे बघितलं.

"नाय बाये," तो म्हणाला. "काय आयकाक येवक नाय. पाव तसेच दिसले म्हणान मी उगीच चढलंय. काकी आधीच गेली आसतली. झोपेत गेल्यासारखी."

गौरवी मोठ्याने रडली. पण ते रडणं सुटल्यासारखं होतं. तिने त्याचे हात धरले आणि म्हणाली, "देव तुझं भलं करो. एवढंच हवं होतं मला." अमोल बायकोला घेऊन निघाला आणि त्यानंतर पेडण्यात दिसला नाही, गावी परत गेला म्हणतात.

माझ्या शिवणी उसवत आल्यात, येत्या पावसाळ्यापर्यंत मी टिकेन असं वाटत नाही. म्हणून बोलले. ज्याला आमच्या वाड्याने खोटारडा म्हणून पोलिसांच्या हाती दिलं, तो आमच्या फाटकाशी एकदाच खोटं बोलला. ते हे.